जे दवाखान्यात आलेच नाहीत त्यांचं काय?

आरोग्यसेवेबद्दल कुणी आकडे सांगायला लागलं ना, की मी आधी एकच विचारते, हे आकडे आले कुठून? बहुतेक वेळा उत्तर येतं, ओपीडीच्या रजिस्टरमधून. म्हणजे जो आला, ज्याने केसपेपर काढला, तो मोजला गेला आणि जो आलाच नाही तो कुठेच नाही. आता प्राथमिक आरोग्यसेवा कुणापर्यंत पोचत नाही हेच जर शोधायचं असेल तर नेमकी हीच न आलेली माणसं हवीत, आणि नेमकी तीच कागदावर नसतात. दवाखान्यात बसून हा अभ्यास होत नाही, उठून वस्तीत जावं लागतं, आणि नुसतं जाऊनही भागत नाही, काय विचारायचं हेसुद्धा तिथल्याच माणसांबरोबर बसून ठरवावं लागतं. याला समुदाय-आधारित संशोधन म्हणतात, नाव जड आहे आणि काम त्याहून जड. मी या कामाच्या आसपास बरीच वर्षं आहे, फॉर्म भरून घेणं, डेटा साफ करणं, मीटिंगा लावणं वगैरे, त्यामुळे विषय निघाला की मला थांबवणं अवघड जातं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तर ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा एक डॉक्टर होता, वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसा खाणीच्या गावात जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून राहिलेला, आणि राहिलेला म्हणजे खरंच राहिलेला, वर्ष-दोन वर्षं काढून निघून जाणारा नाही. १९७१ मध्ये त्याने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला, त्यातलं म्हणणं असं की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे सगळ्यात जास्त तिथेच ती सगळ्यात कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती सोडाल तितकं हे उलटं गणित पक्कं होत जातं. लेख गाजला, आजही सगळे त्याचा दाखला देतात, पण मला त्याचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. त्याने गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांचा रक्तदाब मोजायचं ठरवलं, जे दवाखान्यात येतात त्यांचाच नाही, सगळ्यांचा. बीपीचं कसंय, दुखत नाही खुपत नाही, त्यामुळे माणूस येतच नाही, आणि येतो तेव्हा पक्षाघात नाहीतर हार्ट अटॅक घेऊन येतो. मग यादी करून, राहिलेल्यांची नावं काढून, त्यांना गाठून मोजत बसायचं, वर्षानुवर्षं. पंचवीस वर्षांचा हिशेब १९९१ मध्ये छापून आला तेव्हा शेजारच्या तशाच गावाच्या मानाने इथे पासष्टीच्या आत मरणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं. नवं मशीन नाही, नवं औषध नाही, यादीतलं एकही नाव सोडायचं नाही एवढंच.

बरं, घरोघर गेलं की सगळं कळतं असंही नाही हां. आमच्या फॉर्ममध्ये एक ठरलेला प्रश्न असतो, गेल्या तीस दिवसांत तुम्हाला काही आजार झाला होता का. एका बाईंनी शांतपणे सांगितलं, नाही. मी 'नाही' वर खूण केली, पुढचे पाच प्रश्न आपोआप गाळले गेले कारण फॉर्मच तसा असतो, नाही म्हटलं की थेट पुढच्या भागात उडी. सगळं संपल्यावर त्या उठल्या आणि उठताना त्यांनी एक हात भिंतीला आणि एक कमरेवर ठेवला आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. मी विचारलं, कंबर दुखते का हो? तर म्हणाल्या, हे होय, हे तर दुसऱ्या बाळंतपणापासनं आहे, हा काय आजार आहे का. आजार म्हणजे त्यांच्या लेखी ताप येऊन अंथरूण धरणं, बाकी सगळं अंगावर काढायचं असतं. माझ्या फॉर्मप्रमाणे त्या ठणठणीत.

आणि हे काही माझ्याच एकटीच्या फॉर्मचं रडगाणं नाही. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कोलकात्याजवळ सिंगूर इथे एक पाहणी झाली होती, अमर्त्य सेन यांनी तिचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी केलाय. तब्येत बरी नाही किंवा यथातथाच आहे असं सांगणारे विधुर ४८.५ टक्के आणि विधवा फक्त २.५ टक्के. आता त्या काळातल्या विधवा बायका विधुर पुरुषांपेक्षा इतक्या धडधाकट होत्या यावर कोण विश्वास ठेवेल? सेन यांनी पुढे २००२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केरळ आणि बिहारची तुलना मांडली, आयुर्मान केरळचं कितीतरी जास्त आणि आजार असल्याचं सांगणारेही केरळातच जास्त. शिक्षण असलं, दवाखाना जवळ असला, बोलल्यावर कुणी ऐकतं असा अनुभव असला की माणूस दुखणं सांगतो, नाहीतर दुखण्यालाच नशीब समजून गप्प बसतो. म्हणजे नुसती विचारून केलेली पाहणी घेतली तर सगळ्यात वंचित माणूस सगळ्यात निरोगी दिसणार आणि त्यावरून पैसे वाटले तर ते जाणार कुठे हे काय सांगायला हवं?

मग करायचं काय, तर नुसतं विचारायचं नाही, तपासायचंसुद्धा, आणि तपासू देण्याइतका विश्वास आधी कमवायचा. इथे गडचिरोलीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, जिला त्रास आहे तीच आली असं नाही, गावातल्या बायका म्हणून तपासल्या, आणि १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये जे छापून आलं ते वाचून जगभरचे तज्ज्ञ चपापले. ९२ टक्के बायकांना एकतरी स्त्रीरोग होता. आणि त्याआधी आयुष्यात कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका किती, तर ८ टक्के. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्या ८ टक्क्यांवर म्हणजे रजिस्टरवर भिस्त ठेवली असती तर ग्रामीण बायकांना हा प्रश्नच नाही असं कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं, आणि तोवर तसंच धरून चालले होते की सगळे, बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, संपलं.

तिथलीच दुसरी गोष्ट दवाखान्याची. आदिवासी लोक मोठ्या हॉस्पिटलात यायला का घाबरतात हे त्यांनाच विचारलं, आणि मग दवाखाना त्यांच्या सांगण्यावरून बांधला, एकच मोठी इमारत न करता गावातल्यासारखी झोपड्यांची रचना, पेशंटबरोबर नातेवाइकांना राहायची सोय, नाव दंतेश्वरी देवीचं. कुणी म्हणेल यात संशोधन कुठे आलं, तर हेच संशोधन आहे, कारण प्रश्न 'लोक का येत नाहीत' हा होता आणि उत्तर लोकांकडेच होतं.

आणि ते श्वास मोजायचं साधन! मला याबद्दल कुणाला सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त श्वास झाले की धोका. आता गावातल्या सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि घड्याळही वाचता येत नव्हतं. नेहमीची पद्धत काय, तर सुइणी अडाणी आहेत म्हणून काम नर्सला द्यायचं आणि नर्स नाही म्हणून बाळ मरू द्यायचं. इथे उलट केलं, मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं एक साधन केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले ते बघायचं. दहापर्यंत मोजता येतं ना, मग झालं. पुढे गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, नवजात बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं हे सगळं घरी जाऊन. डॉक्टर मंडळींना हे रुचणं शक्यच नव्हतं, इंजेक्शन आणि तेही गावातल्या बाईच्या हाती! १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले, ३९ गावांत हे काम आणि ४७ गावं तुलनेला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली. २०११ पासून देशभर आशा ताई बाळाच्या घरी ठरावीक दिवशी ज्या भेटी देतात त्यांची मुळं इथे आहेत.

आता 'पोच' या प्रकाराबद्दल. नकाशावर सगळ्यांना अंतर काढायला फार आवडतं, तीन किलोमीटरच्या आत केंद्र आहे म्हणजे सेवा पोचली असा रंग भरून मोकळे. १९८१ मध्ये पेन्चान्स्की आणि थॉमस या दोन संशोधकांनी याचे पाच पदर सांगितले होते, सेवा आहे का, जाता येतं का, वेळ-व्यवस्था सोयीची आहे का, परवडते का आणि तिथली वागणूक पटते का. गेल्या चाळीस वर्षांत पहिल्या दोन पदरांवर ढीगभर काम झालं, कारण ते मोजायला सोपे. शेवटच्याकडे कुणी बघत नाही. वस्तीत बसून गप्पा मारल्या की मात्र पहिलं तेच निघतं. काउंटरवरचा माणूस चारचौघांत ओरडून विचारतो, तो कुठला आजार झालाय ते. हे एकदा झालं की ती बाई परत जात नाही आणि तिच्या शेजारच्या चार जणीही जात नाहीत. किलोमीटर तेवढेच राहतात. दिवसाच्या मजुरीवर पोट असणाऱ्याला 'मोफत' सेवासुद्धा एका दिवसाच्या कमाईला पडते, कारण रांग सकाळी आणि काम पण सकाळी.

कधीकधी तर लोक जे मागतात ते आरोग्यखात्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. दक्षिण आफ्रिकेत सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याने १९४० मध्ये फोलेला इथे आरोग्यकेंद्र सुरू केलं, घरोघर माहिती घ्यायची, त्यावरून काय करायचं ते लोकांबरोबर ठरवायचं, त्यात परसबागासुद्धा आल्या. पुढे वर्णभेदी सरकार आलं आणि असल्या कामाची गरज कुणाला उरली नाही. पण तिथे शिकायला आलेला जॅक गायगर नावाचा अमेरिकन विद्यार्थी ती पद्धत घेऊन गेला आणि साठच्या दशकात मिसिसिपीमधल्या माउंड बायू इथे आरोग्यकेंद्र उभं केलं. कुपोषित मुलं बघून तिथले डॉक्टर चिठ्ठीवर औषधाऐवजी अन्न लिहून द्यायला लागले, दुकानदाराने ते द्यायचं आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यात टाकायचं. वरून विचारणा आली की औषधाचा पैसा औषधावरच खर्च व्हायला हवा, तर गायगरचं उत्तर साधारण असं की आमच्या पुस्तकात तरी कुपोषणावरचा इलाज अन्न असाच दिलाय. असली माणसं अजून हवी होती बघा.

आता लोकसहभागाने मृत्यू खरंच कमी होतात का, की हे सगळं छान छान बोलायचं, तर याचे पुरावे चांगले कडक आहेत. नेपाळमध्ये मकवानपूर जिल्ह्यात बायकांचे गट केले, गावातलीच एक बाई गट चालवणार, डॉक्टर नाही की नर्स नाही, महिन्याला एक बैठक, बाळंतपणात काय बिघडतं, आपल्या हातात काय आहे, कोण काय करेल. २००४ मध्ये निकाल आला, नवजात मृत्यू तुलनेतल्या भागापेक्षा ३० टक्क्यांनी कमी. मग झारखंड-ओडिशात 'एकजूट' या संस्थेने हेच केलं, २०१० मध्ये छापून आलं, तीन वर्षं मिळून ३२ टक्के घट, आणि शेवटच्या दोन वर्षांची तर ४५. पहिल्या वर्षी हाती फारसं काही लागलं नव्हतं हे लक्षात घ्या, वर्षभरात रिपोर्ट मागणाऱ्यांनी तर खास. नंतर बारकाईने पाहिलं तेव्हा सगळ्यात वंचित घरांमध्ये फायदा जास्त झालेला दिसला, एरवी कुठलीही योजना आली की उलटंच होतं, आधी बऱ्या स्थितीतले लोक ती उचलतात.

पण २०१० मध्येच बांगलादेशातला अभ्यासही आला आणि तिथे काही फरक पडला नाही. का? एकजूटमध्ये साधारण ४६८ लोकसंख्येमागे एक गट होता, बांगलादेशात १४१४ मागे एक. इतक्या विरळ गटांत गरोदर बायका कितीशा येणार. त्यांनी मग गट वाढवले, ३०९ मागे एक केला, आणि २०१३ मध्ये ३८ टक्के घट दिसली. मला हा अभ्यास सगळ्यात आवडतो कारण 'लोकसहभाग आम्ही करून पाहिला, उपयोग होत नाही' असं सांगणारे भेटतात तेव्हा मी विचारते, किती लोकांमागे किती गट होते आणि किती दिवस? मग विषय बदलतो.

कारण बऱ्याच ठिकाणी सहभाग म्हणजे हजेरीपट. समिती कागदावर, सह्या एकाच पेनाने, बैठकीत साहेब बोलणार आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. शेरी आर्नस्टाइन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्येच सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, तळाच्या दोन पायऱ्या तर सहभागच नाही, नुसती समजूत घालणं, मधल्या तीन देखाव्याच्या, आणि वरच्या तीनवर कुठे लोकांच्या हातात निर्णय यायला लागतो. ग्रँटच्या प्रस्तावात सगळे सातव्या पायरीवर असतात आणि प्रत्यक्षात तिसरी गाठली तरी पुष्कळ. प्रस्ताव लिहून झाल्यावर, बजेट मंजूर झाल्यावर, प्रश्नावली छापून झाल्यावर लोकांना विचारायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि माहिती कुणाची हा प्रश्न तर कुणी काढतच नाही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, आपल्यात हा आजार का वाढतोय ते कळेल म्हणून. तेच रक्त त्यांना न सांगता स्किझोफ्रेनिया आणि पूर्वज कुठून आले असल्या अभ्यासांना वापरलं गेलं. कोर्टकचेरी होऊन २०१० मध्ये सात लाख डॉलर देऊन तडजोड झाली आणि नमुने परत मिळाले. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी १९९८ मध्ये आपली तत्त्वंच जाहीर केली, आमच्याबद्दलच्या माहितीची मालकी, नियंत्रण, बघायचा हक्क आणि ताबा आमच्याकडे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळ रहिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, आदर ठेवा, खरं बोला, न्यायाने वागा, काळजी घ्या आणि ठरलेल्या रीतीने परवानगी घेऊन या. आपल्याकडच्या संमतीपत्रात अंगठा घेतला की काम झालं असं समजणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

निष्कर्ष छापायच्या आधी लोकांना दाखवायची पद्धत मात्र मी आता सोडत नाही, कितीही घाई असली तरी. एका अभ्यासात संध्याकाळच्या ओपीडीला लोक येत नाहीत असं दिसत होतं आणि आमच्या मसुद्यात कारण लिहिलं होतं, जागरूकतेचा अभाव. (हे दोन शब्द रिपोर्टमधून कायमचे हद्दपार करावेत असं माझं मत आहे, दुसरं काही सुचलं नाही की हे लिहितात.) आलेख मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावला आणि वस्तीतल्या लोकांना म्हटलं, हे असं का असेल? मागे बसलेल्या एका आजोबांनी एका वाक्यात निकाल लावला, अहो संध्याकाळी डॉक्टर असतो पण औषधाची खिडकी चारलाच बंद होते, नुसती चिठ्ठी घ्यायला कोण येईल? आमच्यापैकी सगळ्यांनी तो दवाखाना पाहिलेला होता, सकाळी पाहिलेला होता. मग शिफारस बदलली, खिडकी ओपीडी संपेपर्यंत उघडी ठेवा असं लिहिलं, आणि काही महिन्यांनी तसं झालंही. जागरूकता वाढवायच्या पोस्टरचं बजेट मात्र आधीच मंजूर झालेलं होतं, त्यामुळे पोस्टर छापले गेलेच, त्यातला एक त्याच खिडकीच्या काचेवर चिकटवलाय.